४५ अंशांच्या गावात झेब्रा मासे

फिश टँक घ्यायला गेलं की दुकानदार आधी हीटर गळ्यात मारतो. खान्देशात त्याचं काम डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरतं. जळगाव-भुसावळला मासे दगावतात ते एप्रिल-मेमध्ये, आणि त्यातही आधी जातात ते सगळ्यांत चपळ. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. उलट पाणी दहा अंशांनी तापलं की माशाची प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते. दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणाऱ्या माशाचं गणित म्हणूनच आधी बिघडतं.

त्यामुळे मासा निवडतानाच उन्हाळा डोळ्यांसमोर हवा. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातला. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. संथ ओढे, भातखाचरांच्या कडेचं पाणी ही त्याची जागा, म्हणून थंडी आणि उष्मा दोन्ही तो बऱ्यापैकी सोसतो. रोझी बार्बही इकडचाच. ब्लॅक विडो टेट्रा दक्षिण अमेरिकेतला असला तरी चिवट आहे. निऑन टेट्राचा मोह मात्र टाळावा. तो अॅमेझॉनच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. आपल्या बोअरचं जड पाणी आणि वर मे महिना, हे त्याला झेपत नाही.

झेब्रा दोन-तीन आणले तर ते कोपऱ्यात दबून बसतात आणि रंग फिका पडतो. किमान सहा, खरं तर दहा हवेत. अंगावरच्या पार्श्वरेषेने प्रत्येकाला शेजाऱ्याची हालचाल पाण्याच्या कंपनांतून कळते. संख्या पुरेशी असली की थवा जमतो आणि मासे मोकळेपणाने फिरतात. टायगर बार्बच्या बाबतीत तर संख्या हाच इलाज आहे. तीन-चार असले तर ते गप्पी आणि एंजल या माशांचे पर कुरतडतात. आठ-दहा असले की त्यांची भांडणं बहुतेक आपसांत मिटतात. तरी लांब परांचे मासे त्यांच्यासोबत ठेवूच नयेत.

टँक उंच नको, लांब हवा. ३६ × १५ × १५ इंचांच्या टँकमध्ये वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ११५ लिटर पाणी मावतं. त्यात दहा झेब्रा आणि आठ टायगर बार्ब ऐसपैस राहतात. काच ८ मिलिमीटर, खाली अर्धा इंच थर्माकोल. सगळं मिळून वजन १६० किलोच्या घरात जातं, तेव्हा स्टँड डुगडुगता चालणार नाही. पश्चिमेची खिडकी आणि पत्र्याच्या छताची खोली टाळावी. धाब्याचं, म्हणजे मातीच्या जाड छताचं, जुनं घर असेल तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. दगड काळे चालतात, पण नदीपात्रातून गोळा केलेल्यांत चुनखडीचे खडे असतात. त्यांच्यावर लिंबू पिळावं. फेस आला तर ते पाणी आणखी जड करणार.

टँक उन्हाळ्यात सुरू करू नये, दिवाळीच्या सुमारास करावा. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या टँकमधला मळका स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. मासे एकदम न सोडता पाच-पाच, दोन आठवड्यांच्या अंतराने सोडावेत. यात घाई करणाऱ्याला उन्हाळ्यात दुप्पट फटका बसतो: पाण्याचा पीएच ८ असेल, तर एकूण अमोनियातला विषारी वाटा २५ अंशांना सुमारे ५ टक्के असतो, ३५ अंशांना १० टक्के.

आता पाणी थंड कसं ठेवायचं? बहुतेक जण बर्फाची बाटली सोडतात. हिशेब करून पाहा. एक लिटर बर्फ पूर्ण वितळून टँकच्या तापमानाला येईपर्यंत ११५ लिटर पाणी जेमतेम एक अंशाने उतरतं. तेच एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर, बाहेरून उष्णता येत नाही असं धरलं, तर पाच अंश उतरतात. कूलर आणि माठ आपल्याकडे इतके छान का चालतात, त्याचं उत्तर हेच. मे महिन्यातली कोरडी हवा पाणी भराभर शोषून घेते. म्हणून टँकच्या काठावर छोटा टेबल फॅन किंवा कॉम्प्युटरचे दोन पंखे असे बसवावेत की वारा पाण्यावरून तिरपा वाहील. खोलीत ३८ अंश असले तरी पाणी बऱ्याचदा ३०-३१ वर थांबतं.

याला दोन अडचणी येतात. झाकण काढावं लागतं, आणि झेब्रा पट्टीचा उडी मारणारा. तर वर मच्छरदाणीची जाळी ताणून क्लिपा लावाव्यात आणि पाणी काठापासून दोन इंच खाली ठेवावं. दुसरी अडचण पटकन दिसत नाही. दिवसाला दोन लिटर पाणी उडतं, क्षार मात्र मागेच राहतात. रोज बोअरचं पाणी ओतत गेलं तर महिन्यात ६० लिटर पडतं, म्हणजे क्षार दीडपट. उडालेलं पाणी आरओच्या शुद्ध पाण्यानेच भरावं. आरओचं वाया जाणारं पाणी त्याहून जड असतं, ते नको. आठवड्याला २० टक्के पाणी बदलायचं ते पहाटे. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरिनचा वास येत असेल तर ते उघड्या पिंपात एक दिवस ठेवून मग वापरावं.

लाइट गेली की एअर पंप बंद पडतो आणि तो टँकपेक्षा खाली ठेवला असेल तर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. पंप वर ठेवावा किंवा नळीत दहा-वीस रुपयांचा एकमार्गी व्हॉल्व्ह घालावा. बॅटरीवर चालणारा पंप सर्वांत बरा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले आणि हाताशी काहीच नसलं, तर मगाने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतत राहावं.

डासांचा स्प्रे मारताना पंप बंद करून टँक झाकायचा. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो आणि त्या औषधातले पायरेथ्रॉइड माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. कपाशीच्या फवारणीची बादली कितीही घासली तरी टँकसाठी वापरू नये.

जूनच्या सुरुवातीला हवा दमट होते, पण पारा उतरत नाही. तेव्हा वाफ कमी होते आणि पंख्याचा जोर ओसरतो. त्या पंधरवड्यात नळीच्या टोकाला बारीक बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आणखी एक लावावा, खाणं निम्म्यावर आणावं, आणि तेवढ्यापुरती बर्फाची बाटली दुपारी दोनला सोडावी, रात्री नाही.