रिब्कात फ्रुट किती? चेस इंजिनांच्या कॉपीची जुनी भानगड

चेस इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, ओरिजिनल म्हणायचं तरी कधी, हा वाद निघाला की रिब्काचं नाव येतंच, म्हणून आधी ती गोष्ट.

जून 2005 मधे फॅबियन लेतूझे या फ्रेंच प्रोग्रामरनं आपल्या फ्रुट 2.1 या इंजिनाचा अख्खा सोर्स कोड जीपीएल लायसन्सखाली मोकळा सोडला. म्हणजे घ्या, वापरा, बदला, पण पुढे कुणाला प्रोग्राम दिलात तर त्याचा कोडही द्यायचा. कोड इतका स्वच्छ होता की पुढची कितीतरी इंजिनं तो वाचूनच शिकली. त्याच डिसेंबरात वासिक राय्लिखचं रिब्का आलं आणि थेट सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. राय्लिखनं तेव्हाच मुलाखतीत सांगितलं होतं की फ्रुटचा कोड मी उलटसुलट वाचलाय आणि त्यातून बरंच घेतलंय. घेतलंय म्हणजे आयडिया की कोड, सगळं भांडण या एका शब्दाचं.

मग स्ट्रेल्का आलं. कुणीतरी टोपणनावानं रिब्का 1.0 उकलून केलेलं इंजिन, आणि 2008 च्या सुरुवातीला राय्लिख म्हणाला की स्ट्रेल्का 2.0 चा कोड माझाच आहे! पंचाईत अशी की त्याचा सोर्स उघडा होता आणि तो फ्रुटसारखा दिसत होता. जानेवारी 2011 मधे स्वतः लेतूझेनं खुलं पत्र लिहिलं तेव्हा कॉम्प्युटर बुद्धिबळाच्या स्पर्धा घेणाऱ्या आयसीजीए या संघटनेला चौकशी समिती बसवावीच लागली. त्यांचा नियम साधा: इंजिन स्वतःचं हवं, आणि दुसऱ्याचा कोड असेल तर एन्ट्री भरताना त्याचं नाव द्यायचं.

पुराव्यातली एक गोष्ट भारी आहे. फ्रुटमधे वेळ दशांशात मोजतात, त्यामुळे तिथे 0.0 शी तुलना करणं बरोबरच आहे. रिब्कात वेळ पूर्णांकात, तरी एका जागी तुलना 0.0 शीच! शेजाऱ्याचा पेपर उतरवताना त्याचा रोल नंबरही लिहावा तसं. शिवाय कुठलं मोहरं कुठल्या घरात किती मोलाचं, हे आकडे रिब्कात तयार लिहिलेले होते, पण फ्रुटच्या सूत्रात वेगळे गुणांक टाकले की तेच आकडे बाहेर पडायचे. आणखी आधीच्या, रिलीज न झालेल्या रिब्कात तर क्राफ्टी या दुसऱ्याच इंजिनाचा कोड सापडला.

आता दुसरी बाजू पण आहे. रिब्का पट बिटबोर्डमधे (दर घराला एक बिट, असे 64 बिटांचे आकडे) ठेवतं, फ्रुट तसं ठेवत नाही, म्हणजे निदान पटाशी जोडलेल्या कोडची ओळीला ओळ कॉपी शक्यच नव्हती, आणि राय्लिखनं आरोप शेवटपर्यंत मान्य केला नाही. तरी जून 2011 मधे निकाल विरोधात गेला, 2007 ते 2010 ची चार विश्वविजेतेपदं काढून घेतली आणि वर आजन्म बंदी. ही बंदी मला तेव्हाही जास्तच वाटली होती, आणि 2015 मधे फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, एथिक्स कमिशननं त्यावरून आयसीजीएलाच ताकीद दिली. पण फ्रुटचं नाव एन्ट्रीत लिहिलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं असं माझं मत आहे.

गंमत म्हणजे 2009 मधे इप्पोलित नावाचं निनावी इंजिन निघालं तेव्हा ते रिब्काची कॉपी आहे म्हणून ओरडणारा राय्लिखच होता.

पुढे स्टॉकफिश या इंजिनाचं राज्य आलं (स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला मासा, आणि रिब्का म्हणजे चेक भाषेत छोटा मासा, सगळा मासळी बाजारच), हेही मुळात ग्लाउरुंग या जुन्या इंजिनावरून केलेलं, पण उघडपणे, जीपीएलखाली. 2021 मधे चेसबेस या जर्मन कंपनीनं फॅट फ्रिट्झ 2 हे इंजिन जवळपास 100 युरोला विकायला काढलं, आत स्टॉकफिश आणि नवीन न्यूरल नेट. स्टॉकफिशवाल्यांनी लायसन्स रद्द केलं आणि जर्मनीत केस टाकली. नोव्हेंबर 2022 मधे तडजोड झाली: फॅट फ्रिट्झ 2 ची विक्री बंद, वर्षभर स्टॉकफिश वापरायचं नाही, आणि असल्या लायसन्सांवर लक्ष ठेवायला कंपनीत खास एक माणूस नेमायचा.