डेस्कटॉप ईमेल प्रोग्रॅम

ब्राउझरमध्ये साइट न उघडता कॉम्प्युटरवर थेट मेल आणणारा, पाठवणारा आणि साठवणारा प्रोग्रॅम. मेल क्लायंट हे त्याचे दुसरे नाव. थंडरबर्ड, आउटलुक आणि ॲपल मेल हे सध्याचे परिचित प्रोग्रॅम. सोलापुरात त्याची खरी गरज ठरावीक प्रकारच्या कचेरीला पडते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल निर्यात करणारा कारखाना घ्या : परदेशी बायरसाठी एक पत्ता, बँक आणि कस्टम एजंटसाठी दुसरा, कारखान्याच्या स्वतःच्या डोमेनवरचा तिसरा. किंवा शंभरभर अशिलांच्या जीएसटी-टीडीएसच्या नोटिसा एकाच पत्त्यावर येणारे सीए ऑफिस. तीन वर्षांपूर्वी बायरने टॉवेलचे किती जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधले वजन) मान्य केले होते, हे नेट बंद असतानाही दोन मिनिटांत काढून दाखवावे लागते, अशांसाठी हा प्रोग्रॅम आहे. दिवसाला चार मेल येणाऱ्याला फोन पुरतो.

मेल राहतो कुठे

या प्रोग्रॅमवर होणाऱ्या बहुतेक नुकसानीचे मूळ एकाच प्रश्नात सापडते : मेलची मूळ प्रत सर्व्हरवर (मेल सेवा देणाऱ्याच्या दूरच्या कॉम्प्युटरवर) आहे की आपल्या डिस्कवर? हे ठरते मेल आणण्याच्या पद्धतीवरून. पद्धती दोन, पॉप आणि आयमॅप.

पॉपचा पहिला मसुदा १९८४चा. पोस्टमनने पाकीट हातात दिले की पोस्टात काही उरत नाही, तसा त्याचा व्यवहार. प्रोग्रॅम सर्व्हरला जोडला जातो, नवे मेल उतरवून घेतो, आणि वेगळे सांगितले नसेल तर सर्व्हरवरचे पुसतो. भारतात १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा जोडणी फोनच्या तारेवरून होती आणि मीटर पळत असे. पटकन जोडायचे, मेल उतरवायचे, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचे, याला पॉप अगदी सोयीचे होते. आयमॅप स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये मांडले. यात मेल सर्व्हरवरच राहतो, कॉम्प्युटरवर त्याची प्रत असते. फोनवर वाचलेला मेल ऑफिसातही वाचलेला दिसतो, आणि एका ठिकाणी पुसलेला सगळीकडून जातो.

घोटाळे दोन्हीकडून होतात. कचेरीत दोन कॉम्प्युटरवर एकच खाते पॉपने जोडले की ज्याने आधी ‘गेट मेसेजेस’ दाबले त्याच्याकडे ऑर्डर जाते, दुसरा बसून राहतो. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या अर्थाची खूण केली तर हे थांबते, पण तिच्याखाली १४ दिवसांची मुदत बहुधा आधीच भरलेली असते आणि ती कोणी वाचत नाही. पंधरवड्यानंतर सुटीवरून आलेल्या माणसाला मेल सापडत नाहीत, ते यामुळे. आयमॅपमध्ये चूक उलटी होते. वेबमेलवर जागा भरल्याचा इशारा येतो, कोणीतरी म्हणतो ‘कॉम्प्युटरमध्ये आहेतच की सगळे’, आणि सर्व्हरवरचे दोन वर्षांचे मेल पुसून मोकळा होतो. पुढच्या जोडणीत थंडरबर्ड इमानेइतबारे तेच मेल कॉम्प्युटरवरूनही काढतो. जागा करायचीच असेल तर ते मेल आधी डाव्या पट्टीतल्या ‘लोकल फोल्डर्स’खाली फोल्डर करून त्यात ओढावेत, दोन-चार उघडून पाहावेत आणि मग सर्व्हरकडे वळावे.

नवे खाते आयमॅपनेच जोडावे. पॉप फक्त एकाच परिस्थितीत परवडते : होस्टिंगवर (डोमेनच्या मेलसाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) जागा थोडी आहे, मेल सर्व्हरवरून काढणे भाग आहे, आणि तो एकाच कॉम्प्युटरवर येतो ज्याचा बॅकअप कोणीतरी नियमाने घेतो. यातले शेवटचे कलम पाळले जात नसेल तर पहिली दोन मोजू नयेत.

खाते जोडणे

थंडरबर्डमध्ये मेनूतून ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडून नवे मेल खाते जोडण्याचा पर्याय घ्यावा. नाव, पूर्ण ईमेल पत्ता आणि पासवर्ड दिला की प्रोग्रॅम सर्व्हरचा पत्ता स्वतः शोधतो. जीमेल, याहू, आउटलुक अशा मोठ्या सेवांचे तपशील त्याला ठाऊक असतात. स्थानिक होस्टिंगवर घेतलेल्या डोमेनसाठी मात्र तो अंदाज बांधतो आणि तो चुकू शकतो. अशा वेळी हाताने भरावे : येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस (मजकूर कुलूपबंद करून नेण्याची पद्धत), पॉप असेल तर ९९५. जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी (मेल पाठवण्याची पद्धत), पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस. सर्व्हरचे नाव होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये लिहिलेले असते. युजरनेम म्हणजे बहुतेक ठिकाणी पूर्ण पत्ता, नुसता ॲटच्या आधीचा भाग नव्हे.

पोर्ट आणि सुरक्षेची जोडी फुटता कामा नये. ४६५वर बोलणे पहिल्या अक्षरापासून कुलूपबंद असते. ५८७वर आधी साधी ओळख होते आणि मग कुलूप लागते. ४६५ लिहून समोर स्टार्टटीएलएस निवडले तर दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात, आणि बऱ्याच वेळाने ‘टाइमआउट’ येतो. पासवर्ड चुकला असे समजून तोच दहा वेळा टाइप करणारे याच जागी अडकलेले असतात. पोर्ट २५ सर्व्हरांच्या आपसातल्या वाहतुकीसाठी आहे. ब्रॉडबँड कंपन्या तो अनेकदा बंद ठेवतात, त्यामुळे जुन्या वहीत लिहून ठेवलेली ती सेटिंग आता चालेलच असे नाही.

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे भरून चालत नाही. मे २०२२च्या अखेरीस वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने नुसत्या पासवर्डाची ही वाट बंद केली. पडताळणीच्या रकान्यात ‘ओऑथ२’ निवडले की गूगलची लॉगिन खिडकी उघडते, तिथे परवानगी दिली की काम झाले. ओऑथ२ न येणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमसाठी खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. त्यातल्या चार-चार अक्षरांमधल्या मोकळ्या जागा फक्त वाचायच्या सोयीसाठी असतात. आणखी एक : जीमेलमध्ये ‘ऑल मेल’ हे फोल्डर आयमॅपवर वेगळे दिसते आणि इनबॉक्समधला प्रत्येक मेल त्यातही असतो. ते ऑफलाइन उतरवण्यातून वगळले नाही तर डिस्कवर प्रत्येक मेलची दुहेरी प्रत साठते.

विंडोजबरोबर येणाऱ्या नव्या आउटलुकबद्दल कचेरीने एक गोष्ट जाणून घ्यावी. त्यात जीमेल किंवा स्वतःच्या डोमेनचे खाते जोडले की मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही जाते. अशिलांची कागदपत्रे सांभाळणाऱ्याने ‘कंटिन्यू’ दाबण्याआधी ती सूचना वाचलेली बरी.

मेल येतो, जात नाही

येणे आणि जाणे या दोन वेगळ्या वाटा आहेत, दोन वेगळे सर्व्हर, आणि पासवर्डही प्रोग्रॅममध्ये दोन्हींसाठी वेगळा साठवलेला. आयमॅपसाठी साठवलेला पासवर्ड बदलला आणि एसएमटीपीचा जुना राहिला की मेल येत राहतो आणि पाठवताना ५३५ क्रमांकाची चूक दिसते. तिचा अर्थ ओळख पटली नाही एवढाच. ५५० आले तर समोरच्या सर्व्हरने मेल नाकारला : पत्ता चुकला किंवा तुमच्या डोमेनवर विश्वास नाही. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू पाठवणाऱ्या डोमेनकडे एसपीएफ किंवा डीकेआयएमची नोंद (मेल खरोखर त्याच डोमेनकडून आला याचा पुरावा) मागतात. या नोंदी थंडरबर्डमध्ये नसतात, डोमेनच्या डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत) असतात. त्यामुळे प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करून काही सुधारत नाही, होस्टिंगवाल्याला फोन करावा लागतो.

एकाएकी सगळी खाती ‘सर्टिफिकेट (सर्व्हरचे मुदतबंद ओळखपत्र) चुकीचे’ म्हणू लागली तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. जुन्या मशीनमधला सीआर२०३२ सेल संपला की रात्रीची लाईट गेली रे गेली, घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. त्या तारखेला आजचे सर्टिफिकेट अस्तित्वातच नसते, म्हणून प्रोग्रॅम ते नाकारतो. घाईत ‘अपवाद जोडा’ दाबू नये. तारीख नीट करून नाण्याएवढा सेल बदलला की चूक आपोआप जाते.

नेट नसताना लिहिलेला मेल कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबून आउटबॉक्समध्ये ठेवता येतो आणि जोडणी आल्यावर पाठवता येतो. लाईट जायची वेळ ठाऊक असणाऱ्या भागात हे उपयोगाचे, पण आउटबॉक्स रिकामा झाला की नाही हे निघताना पाहायचे राहून जाते. फिल्टर मात्र प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच चालतात. बायरचे मेल वेगळ्या फोल्डरात टाकणारा फिल्टर ऑफिस बंद झाल्यावर फोनवर दिसणार नाही. तो हवा असेल तर वेबमेलमध्ये, म्हणजे सर्व्हरवर बसवावा.

अटॅचमेंटचे वजन

मर्यादा २५ एमबी लिहिलेली असली, तरी २१ एमबीची जकार्ड डिझाइनची फाइल परत येऊ शकते. ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी घडला. १९९२मध्ये आलेल्या माइम या पद्धतीने चित्रे आणि फायली जाऊ लागल्या, त्या अक्षरांत रूपांतर होऊन : दर तीन बाइटांची चार अक्षरे, शिवाय दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ. म्हणजे वजन सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते, आणि २५च्या मर्यादेत प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासचीच फाइल बसते. त्यापुढे लिंक द्यावी. समोरच्याला ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची न उघडणारी फाइल मिळाली तर पाठवणाऱ्याने आउटलुकमध्ये रिच टेक्स्ट ऐवजी एचटीएमएल निवडावे.

मराठी मजकूर

आता थंडरबर्ड मुळात यूटीएफ-८मध्येच (युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) पाठवतो, आणि युनिकोडमध्ये टाइप केलेली मराठी, कन्नड, तेलुगू एकाच मेलमध्ये सुखाने नांदते, जे सोलापुरात रोजचेच आहे. गडबड होते ती जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवल्यावर. त्या फॉन्टमध्ये ‘क’ म्हणून जे दिसते ते आतून भलतेच रोमन अक्षर असते. पाठवणाऱ्याच्या मशीनवर फॉन्ट असतो म्हणून त्याला मराठी दिसते, घेणाऱ्याला खिचडी. एन्कोडिंग बदलून ती सुटत नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करावे किंवा पीडीएफ जोडावी. मेलमध्ये नुसती प्रश्नचिन्हे आली असतील तर मात्र वाटेतच मूळ अक्षरे गेली, ती परत मिळत नाहीत.

खाते बदलल्याचा मेल

निर्यातदारांच्या पैशावर डोळा असलेली फसवणूक अशी : बायरशी चाललेल्या जुन्याच साखळीत उत्तर येते, ‘आमचे बँक खाते बदलले आहे’. नाव तेच, पत्त्यात एक अक्षर वेगळे, किंवा ‘रिप्लाय-टू’मध्ये दुसराच पत्ता. थंडरबर्डमध्ये कंट्रोल-यू दाबल्यावर मेलचे मूळ रूप उघडते, त्यात ‘फ्रॉम’ आणि ‘रिप्लाय-टू’ या ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. अर्थात बायरचेच खाते फुटले असेल तर दोन्ही खरे निघतात. त्यामुळे खाते क्रमांक बदलण्याआधी आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर फोन करावा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवावे. पहिले काही तास महत्त्वाचे.

डिस्कवरच्या फायली आणि फॉरमॅट

थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतो. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. मेल पुसला तरी तो त्या फाइलमधून जात नाही, फक्त खूण होते. ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच फाइल लहान होते. कॉम्पॅक्ट चालू असताना लाईट गेली तर फाइल अर्धवट राहू शकते, म्हणून ते यूपीएसवर आणि कचऱ्याचे फोल्डर रिकामे करून करावे. अँटिव्हायरसलाही ही रचना कळेलच असे नाही : एका मेलच्या अटॅचमेंटमध्ये विषाणू सापडला म्हणून तो अख्खी इनबॉक्स फाइल क्वारंटाइनमध्ये (संशयित फायली अडकवून ठेवण्याच्या जागेत) हलवतो, आणि सकाळी इनबॉक्स रिकामा दिसतो. आधी क्वारंटाइनची यादी पाहावी, फाइल तिथून परत आणावी आणि प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग्ज असलेले) तपासणीतून वगळावे. आउटलुकच्या पीएसटी फाइलला (ज्यात तो मेल साठवतो) आकाराची सीमा आहे. आउटलुक २००२पर्यंतच्या जुन्या रचनेत ती २ जीबी होती आणि तिथे पोचली की फाइल बिघडे. २०१०पासून ती मुळात ५० जीबी ठेवली आहे. बिघडलेल्या पीएसटीसाठी आउटलुकबरोबरच ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचे साधन येते, ते मूळ फाइलची प्रत काढून तिच्यावर चालवावे.

सगळ्यात जास्त मेल जातात ते मशीन ‘फॉरमॅट मारताना’. दुरुस्तीवाला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स डी ड्राइव्हवर काढून घेतो. थंडरबर्डचे प्रोफाइल यातल्या कशातच नसते. ते युजरच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात, रोमिंगच्या आत थंडरबर्डखाली असते आणि सी ड्राइव्हबरोबर पुसले जाते. आयमॅप असेल तर सर्व्हरवरून मेल परत उतरतात. लोकल फोल्डर्स, पॉपचे मेल आणि फिल्टर येत नाहीत. मशीन देण्याआधी ‘हेल्प’मधून ‘ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन’ उघडावे, ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचे ‘ओपन फोल्डर’ दाबावे, मग थंडरबर्ड बंद करावा आणि ते फोल्डर जसेच्या तसे बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवावे. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी इनबॉक्स फाइल जात नाही. तो आधी एक्सएफएटी किंवा एनटीएफएस करून घ्यावा.