ग्लुकोज असताना लॅक्टोज मागे का राहतो? लॅक ओपेरॉनची पार्श्वभूमी

यीस्टला गॅलॅक्टोज पचवायची सवय लागावी लागते, हे १९०० च्या सुमारासच माहीत झाले होते. पण प्रश्नाला धार आली ती युद्धकाळातल्या पॅरिसमध्ये. ग्लुकोज आणि लॅक्टोज एकाच द्रावणात दिले की ई. कोलाय आधी ग्लुकोज फस्त करतो, मग त्याची वाढ काही वेळ थांबते आणि लॅक्टोजवर पुन्हा सुरू होते. आलेखावर दोन चढ आणि मध्ये सपाट पायरी. हा जिवाणू ठरवतो कसा, याचे उत्तर शोधता शोधता १९६१ साली ओपेरॉनचे, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाचे, प्रारूप उभे राहिले (लॅक ओपेरॉन हा लॅक्टोज वापरायला लागणाऱ्या जनुकांचा गट) आणि १९६५ चे नोबेल त्या कामाला मिळाले. ही जनुके बंद ठेवणारा रिप्रेसर आरएनएचा असावा, हा तेव्हाचा अंदाज मात्र चुकला. १९६६ मध्ये तो हाती लागला तेव्हा प्रथिन निघाला.

लॅक्टोजने रिप्रेसरचे हे कुलूप कसे उघडते, हे असे बऱ्यापैकी सुटले. ग्लुकोज ते कसे उघडू देत नाही, हा खरा वादाचा भाग आहे, आणि अभ्यासक्रमात त्याचीच सर्वांत जास्त आबाळ झाली आहे.

१९६५ मध्ये दिसले की ग्लुकोज असताना ई. कोलायमधले सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला एक छोटा संकेत-रेणू, घटते. तीन वर्षांनी असेही दिसले की ते बाहेरून दिल्यास ग्लुकोजचा दाब बराच उठतो. पुढे सायक्लिक एएमपीला धरून डीएनएवर बसणारे आणि लॅक ओपेरॉनला वेग देणारे प्रथिनही सापडले. साखळी पूर्ण झाली: ग्लुकोज आहे, म्हणून सायक्लिक एएमपी कमी, म्हणून लॅक ओपेरॉन मंद. पाठ करायला इतकी सोपी की तीच पुस्तकांत कायमची बसली.

दुसरा धागा १९६४ पासून समांतर चालला होता. ग्लुकोज आत घेताना त्याला फॉस्फेट जोडणारी प्रथिनांची एक मालिका त्या वर्षी सापडली. ग्लुकोज आत येत असते तेव्हा त्या मालिकेतले एक प्रथिन फॉस्फेटविना उरते आणि थेट लॅक्टोजच्या पर्मिएजला, म्हणजे लॅक्टोज पेशीत घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटते. लॅक्टोजची वाटच अडते. आत लॅक्टोज नाही, म्हणून त्यापासून होणारा, रिप्रेसरला हटवणारा अ‍ॅलोलॅक्टोज नाही, आणि म्हणून रिप्रेसर जागचा हलत नाही.

यांतले मुख्य कारण कोणते, हे १९९६ मध्ये जपानमधल्या प्रयोगांनी दाखवले. ग्लुकोजवर वाढताना आणि नंतर लॅक्टोजवर वाढताना सायक्लिक एएमपीची पातळी जवळपास सारखीच निघाली. मधल्या थांब्यात ती तेवढी तात्पुरती चढली. बाहेरून सायक्लिक एएमपी दिले तर थांबा गेला, पण आधी ग्लुकोज हा क्रम मोडला नाही. रिप्रेसर काढून टाकला, किंवा रिप्रेसरला हटवणारे आणि पर्मिएजशिवायही आत शिरू शकणारे आयपीटीजी हे कृत्रिम रसायन दिले, तेव्हा मात्र दोन टप्प्यांची वाढच नाहीशी झाली. माझ्या मते यानंतर पुस्तकांतला क्रम उलटायला हवा होता: आधी अडवलेला पर्मिएज, मग सायक्लिक एएमपी. ग्लिसरॉलसारख्या निकृष्ट अन्नावर सायक्लिक एएमपीचे महत्त्व कायम आहे, पण ज्या प्रयोगाचे स्पष्टीकरण म्हणून ते शिकवले जाते, तिथे ते दुय्यम आहे.

दरम्यान प्रयोगशाळांनी या क्रमाचा उपयोग करून घेतला. २००५ पासून रूढ झालेल्या एका माध्यमात थोडे ग्लुकोज आणि सोबत लॅक्टोज असते. संध्याकाळी जिवाणू सोडायचे. रात्री ग्लुकोज संपले की लॅकच्याच कुलपाखाली ठेवलेले हवे ते प्रथिन आपोआप बनू लागते, आयपीटीजी घालायला कुणी जागे राहावे लागत नाही.