विज्ञान केंद्राच्या शिक्षण विभागात नोकरी: अर्ज नेमका कुठे अडकतो

विज्ञान केंद्रातल्या शिक्षण विभागाची जाहिरात निघाली की शाळाशाळांत प्रयोग दाखवणारी, आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेणारी, विज्ञानाचे व्हिडिओ बनवणारी बरीच मुलं-मुली अर्ज भरतात. त्यातले कितीतरी अर्ज छाननीतच बाद होतात. कामात ही मुलं तयार असतात, कमी पडतो तो एखादा कागद.

मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूरचं रामन विज्ञान केंद्र राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची आहेत. १९७८ साली स्थापन झालेल्या या परिषदेचं मुख्यालय कोलकात्यात आहे आणि ती केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाखाली येते. इथली भरती एमपीएससीतून होत नाही. परिषद आणि तिची केंद्रं आपापली जाहिरात काढतात, त्यामुळे दोघांचीही संकेतस्थळं पाहत राहा.

शिक्षण सहायक पदाला साधारणपणे विज्ञानाची पदवी मागतात आणि त्या पदवीत भौतिकशास्त्र असावं लागतं. जैवतंत्रज्ञान किंवा प्राणिशास्त्र घेतलेले अनेक जण ‘विज्ञान पदवी’ एवढंच वाचून अर्ज करतात. विषयांची ओळ शेवटपर्यंत वाचा आणि तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका जोडा, कारण पदवी प्रमाणपत्रावर सगळे विषय छापलेले नसतात. श्रेणी गुणांची (सीजीपीए) टक्केवारी स्वतःच्या हिशेबाने लिहू नका, विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र घ्या.

आता अनुभवाचा दाखला. ज्या पदांना अनुभव मागतात तिथे सर्वाधिक उमेदवार इथेच अडकतात, कारण हा कागद बहुतेकांकडे नसतोच. दोन-दोन वर्षं मानधनावर दालनात उभं राहून मुलांना प्रकाशाचे प्रयोग समजावलेले असतात आणि हातात सोनेरी किनारीचं एक प्रशस्तिपत्र असतं: ‘यांनी उत्साहाने सहभाग घेतला.’ त्यावर ना तारीख, ना पद, ना कामाचं स्वरूप. छाननी करणारा माणूस त्यावरून काहीच ठरवू शकत नाही. दाखला संस्थेच्या लेटरहेडवर हवा. त्यात रुजू झाल्याची आणि काम सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, मानधन किती आणि काम काय हे सगळं हवं. काम लिहितानाही मोघम नको: ‘पाचवी ते दहावीच्या गटांसाठी प्रात्यक्षिके, तारांगण कार्यक्रमाचे निवेदन, शिक्षक कार्यशाळेचे आयोजन’ असं नेमकं लिहून मागा. सोडून जातानाच घ्या. नंतर अधिकारी बदलतात, नोंदी सापडत नाहीत आणि कोणी सही करायला धजत नाही.

डिजिटल काम केलेल्यांची अडचण आणखी वेगळी. संस्थेच्या वाहिनीवर व्हिडिओ असतात, पण श्रेयनामावलीत नाव नसतं. ऑनलाइन कार्यशाळा, आभासी दालनफेरी, शैक्षणिक खेळ यांत तुमचा वाटा काय होता, संहिता की संकलन की निवेदन, हे त्याच दाखल्यात आलं पाहिजे. नुसती लिंक म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय अनुभव बहुतेक वेळा पात्रता मिळाल्यानंतरचाच धरतात. शिकत असताना केलेलं काम कितीही चांगलं असलं तरी त्या मोजणीत येत नाही.

जातीच्या दाखल्यांबाबत तर कोणी नीट सांगतच नाही. ही केंद्र सरकारच्या अखत्यारीतली भरती आहे, म्हणून ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतं. सेतू केंद्रात नुसतं ‘नॉन-क्रिमीलेअर’ म्हटलं तर राज्याचा नमुना हाती पडू शकतो, तेव्हा ‘केंद्र शासनासाठी’ हे शब्द आवर्जून सांगा. विमुक्त आणि भटक्या जमातींना केंद्रात वेगळं आरक्षण नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते आधी तपासा. राज्याचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) प्रमाणपत्र इथे चालत नाही. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातलं हवं. त्याला आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेबरोबर मालमत्तेच्या अटी आहेत. उत्पन्न आधीच्या आर्थिक वर्षाचं धरतात, त्यामुळे गेल्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या अर्जाला लावलं की अर्ज गेलाच. आणि वयाची सवलत राखीव जागेवर अर्ज केला तरच मिळते. खुल्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या ओबीसी उमेदवाराला वयातली तीन वर्षांची सवलत मिळत नाही.

शेवटच्या तारखेचा गैरसमज दरवेळी होतो. टपालाने मागवलेला अर्ज त्या तारखेपर्यंत कार्यालयात पोहोचायला हवा, पोस्टात टाकलेला नव्हे. टपालाला झालेला उशीर सहसा ग्राह्य धरत नाहीत. हे अन्यायाचं वाटतं, आणि दूरच्या तालुक्यातल्या उमेदवारावर तो अन्याय आहेच, पण तोंडावर आलेल्या अर्जाला त्याचा उपयोग नाही. ऑनलाइन अर्ज असेल तर शुल्क भरल्याची पावती निघाली का, आणि छापील प्रत वेगळी पाठवायची आहे का, ते पाहा. वय आणि पात्रताही साधारणपणे याच तारखेला मोजतात. पदवीचा निकाल त्यानंतर लागणार असेल तर अर्ज करून शुल्क वाया घालवू नका.

सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्रासाठी जाहिरात येताच कार्यालयात अर्ज द्या. ती फाइल टेबलाटेबलांवरून फिरते आणि तिला तुमच्या तारखेशी देणंघेणं नसतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडा.

जाहिरातीची पीडीएफ आजच उतरवून ठेवा. कागद तपासणीला बोलावणं येईपर्यंत ती संकेतस्थळावर राहीलच असं नाही, आणि तपासणीच्या टेबलावर बोट ठेवून दाखवायला अटीचा मूळ मजकूरच लागतो.