शित्झू की ल्हासा? आधी नाक बघा

गोव्यात लांब केसांचा, फूटभर उंचीचा कुत्रा दिसला की त्याला सरसकट शित्झू म्हणून मोकळे होतात. त्यातले कित्येक ल्हासा अप्सो असतात. हा गोंधळ जुनाच. १९३० साली शित्झू इंग्लंडमध्ये पोचला, तेव्हा तिथल्या जाणकारांनीही त्याला ल्हासाच्याच गटात घातलं होतं. १९३४मध्ये दोघांची फारकत झाली.

मूळ दोघांचंही तिबेटी. पण ल्हासा मठांत राहून आत कोण शिरतंय यावर कान ठेवायचा, तर शित्झू चीनच्या राजवाड्यात मांडीवर वाढला. आजही पाव विकणारा पोदेर दारात आला की ल्हासा घर डोक्यावर घेतो आणि शित्झू शेपटी हलवत सायकलपाशी जातो.

ओळखायचं तर बाजूने बघा. ल्हासाचं नाकाड साधारण चार सेंटिमीटर, शित्झूचं जेमतेम अडीच. शित्झूचे डोळे मोठे, गोल. नाकावरचे केस वर उगवतात, त्यामुळे चेहरा शेवंतीसारखा फुललेला दिसतो. ल्हासाचे डोळे लांबट.

हा दीड सेंटिमीटरचा फरक आपल्याकडे फार महाग पडतो. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. शित्झूच्या चपट्या नाकात हवेची वाट आधीच अरुंद, त्यात आपल्या दमट हवेत जिभेवरचा ओलावा लवकर उडत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याला ऊन चढायच्या आत किंवा रात्रीच फिरवा. पट्टा गळ्याला नको, छातीला बांधा. घरघर वाढली, जीभ जांभळट दिसली तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तडक डॉक्टरकडे न्या. दुपारी गार खोली देता येत नसेल तर शित्झू आणूच नका, असं माझं ठाम मत आहे.

केसांचं काम दोघांचं सारखंच, रोज विंचरण्याचं. पावसाळ्यात अंग ओलं राहिलं की काखेत आणि कानामागे आधी गाठी होतात, मग कातडी बुरशी धरते. तिथे बोटं घालून चाचपा. गोचीडही सापडेल, आणि गोचीडताप जिवावर बेततो. केस आखूड ठेवा, पण कातडीपर्यंत भादरू नका, उन्हाने भाजते.

ल्हासाला पिल्लू असतानाच पाहुण्यांची सवय लावा. मोठेपणी परका हात त्याला सहसा खपत नाही. शित्झूला ते शिकवावं लागत नाही. त्याचे डोळे मात्र रोज ओल्या कापसाने पुसा, आणि एक डोळा मिचकावत राहिला तर त्याच दिवशी दाखवून घ्या.