साडेनऊचं रामायण आणि रविवारचं मटण

संध्याकाळी सातनंतर कोल्हापुरात कुणाकडे जायचं तर आता आधी फोन करावा लागतो. दार उघडतं, चहाही होतो, पण बोलणाऱ्याची एक नजर पाहुण्याच्या खांद्यावरून मागच्या टीव्हीवर असते. या सवयीवर तक्रारी पुष्कळ झाल्या. टीव्हीनं घरातलं बोलणं मारलं, हे तर प्रत्येक लग्नकार्यात एकदा ऐकू येतं. पण टीव्ही यायच्या आधी इथली संध्याकाळ नेमकी कुणाची होती, ते आधी बघायला पाहिजे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावर केंद्र आलं आणि पुणेकरांना चित्र दिसायला लागलं. कोल्हापूर मात्र त्याच्या टप्प्याबाहेर राहिलं. त्यामुळं 'गजरा' आणि 'चिमणराव' हे मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम म्हणजे इथल्यांना मुंबईहून सुट्टीला आलेल्या भाच्यांनी सांगितलेली गोष्ट. आपल्या घरात होती ती आकाशवाणी सांगली, १९६३ पासूनची. ती कानावर पडत राहायची आणि हात भाकरी थापत राहायचे.

खरी करमणूक घराबाहेर होती. गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हैस पिळून मिळणारं दूध, तालमीचा कट्टा, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल, खासबागेतली कुस्ती. यातलं जवळपास सगळं पुरुषांचं. बायकांच्या वाट्याला अंबाबाईचं देऊळ, हळदीकुंकू आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादा सिनेमा. सिनेमाचा मान मात्र मोठा. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावची, 'प्रभात'ही १९२९ साली इथंच जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. थेटरला नटूनथटून जायचं असतं, असं मानणाऱ्या या गावात लाकडी खोक्यातल्या काळ्या-पांढऱ्या चित्राला सुरुवातीला कुणी फारसं मोजलं नाही.

१९८२ नंतर वारं फिरलं. त्या वर्षी १५ ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंग आले. पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली. काही महिने तर जवळजवळ रोज एक. या केंद्रांचं काम एवढंच, की उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम झेलायचा आणि आसपासच्या गावांत पसरवायचा. त्यामुळं मुंबई-पुण्याबाहेरच्या महाराष्ट्रात टीव्ही आला तो आधी हिंदी बोलतच. जेमतेम 'क्या है' एवढी हिंदी येणाऱ्या आज्या 'हम लोग' बघत होत्या, आणि कोण कुणाची सून हे त्यांना बरोबर कळत होतं.

१९८५ पर्यंत टीव्हीला परवानाही लागायचा. गल्लीत सेट एखादाच. बंद होणाऱ्या शटरचा, वर विणलेला रुमाल, शेजारी घरघरणारा स्टॅबिलायझर. कौलांवर चढून अँटेना फिरवणारा पोरगा वरून ओरडायचा, "आलं का?" खालून उत्तर, "मुंग्या हायत अजून! डावीकडं घे… आलं, आलं… गेलं बघ!" शेवटी आलेलं चित्र हलू नये म्हणून त्यानं तिथंच धरून उभं राहावं, असं खालच्यांचं मत असायचं.

तालमीतही सेट आले. १९८६ चा फुटबॉल विश्वचषक मेक्सिकोत होता, तिथले भर दुपारचे सामने आपल्याकडं रात्री साडेअकराला सुरू व्हायचे. पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना असे दोन पक्ष या शहरात अजून आहेत. म्हणजे रात्रीचा टीव्हीसुद्धा पुरुषांनी कट्ट्यावरच नेला म्हणायचा.

बायकांची पाळी रविवारी सकाळी आली. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं, वेळ साडेनऊ. आता कोल्हापुरात रविवारची सकाळ म्हणजे मटण. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची तयारी नऊपासून लागायची. आमच्या आजीनं पहिल्या दोन-तीन रविवारांतच फर्मान काढलं: राम पडद्यावर असेतो मटणाची पिशवी उंबऱ्याच्या आत येणार नाही. टीव्हीला हळदकुंकू लागलेलं, समोर उदबत्ती. एका रविवारी आजोबा लवकर परतले. पिशवी हातात धरून ते बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले, आणि आत गल्लीतल्या पंधरा-वीस बायका पाटांवर, चटईवर, दोघीतिघी पायरीवर. आजोबांना आतून एक पेला पाणी मिळालं, तेही जाहिराती लागल्यावर. त्या घरात बाई पुढं आणि पुरुष दाराबाहेर, असं दृश्य मी पहिल्यांदाच बघत होतो. जेवण त्या दिवशी दीड वाजता झालं आणि पुढं वर्ष-दीड वर्ष, ३१ जुलै १९८८ ला मालिका संपेपर्यंत, रविवारी दीडलाच होत राहिलं. मग 'महाभारत' आलं आणि दीडची वेळ पक्की झाली.

ही गल्ली-बैठक फार टिकली नाही. हप्त्यावर सेट मिळायला लागले, शेजारणी आपापल्या घरी गेल्या. नव्वदनंतर केबल आली. खांबाखांबांवरून काळ्या वायरी आणि महिन्याला पैसे मागायला येणारा केबलवाला. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. रोजच्या मराठी मालिकेची सवय लागली ती इथून. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून अकरा वर्षांच्या आसपास चालली, भाग तीन हजारांच्या वर गेले. या काळात घरातलं रात्रीचं जेवण सरकलं. पूर्वी आठला ताटं मांडली जायची ती पुरुष तालमीतून, दुकानातून परतले म्हणून; आता कुठली मालिका कधी संपते त्यावर ठरायला लागली. सासू-सुना एकाच सोफ्यावर बसून पडद्यावरच्या सासवा-सुनांना नावं ठेवायच्या. एकमेकींना जे थेट बोलता येत नव्हतं ते त्या निमित्तानं बोलून व्हायचं, असं मला वाटतं. घरातलं बोलणं मेलं म्हणणाऱ्यांनी हे बोलणं कधी मोजलं नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' लागली. चित्रीकरण जवळच्या वसगड्यात, नायक पैलवान. पडद्यावर अखेर आपलीच माणसं, आपलीच भाषा. गावानं मालिका डोक्यावर घेतली आणि भाषेला तेवढ्याच हौसेनं नावं ठेवली: "असं कोण बोलतंय ओ कोल्हापुरात?" असं म्हणणारे स्वतः नायकाचं "चालतंय की" म्हणून उठायचे.

आता सेट भिंतीला चिकटलाय, तरणी मंडळी मोबाइलवर, रिमोट म्हाताऱ्यांकडं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं तेव्हा आमच्या घरी ते आईनं लावलं. आजी तेव्हा नव्हती.

आई आता किरणोत्सवही टीव्हीवरच बघते. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांशी, मग वर वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग आले किंवा वाटेत इमारत आडवी आली की किरणं मधेच थांबतात. देऊळ आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, पण त्या गर्दीत आईचे गुडघे टिकत नाहीत. लोकल केबलवर ते पाच मिनिटं चालतं. आई खुर्ची पुढं ओढून, डोक्यावर पदर घेऊन बसते आणि मधे कुणी आडवं आलं तर ओरडते, "सरक बाजूला, किरणं अडवू नको!"