‘स्थानिक वाटा किती?’ : चर्चच्या अनुदान-अर्जातल्या एका रकान्याची पार्श्वभूमी

गेल्या पावसाळ्यात मिरजेतल्या एका मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, कमिटीबरोबर अनुदानाचा अर्ज भरायला बसलो होतो. काम साधं होतं. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर जी पोरं येतात, त्यांच्यासाठी फडाजवळ संध्याकाळचा वर्ग आणि एक वेळचं खाणं. पाळकसाहेब होते, खजिनदार होते, महिला संघाच्या दोघी होत्या. मी होतो, कारण मला ‘प्रपोजल लिहिता येतं’ असा आमच्याकडं समज आहे. सोळा पानांच्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक इथपर्यंत गाडी सुरळीत चालली. मग रकाना आला : ‘स्थानिक वाटा किती?’ म्हणजे खर्चातला किती भाग मंडळी स्वतः उचलणार?

सगळे गप्प. खजिनदार म्हणाले, “आपल्याकडं असतं तर मागितलं कशाला असतं?”

रास्त सवाल. पण हा रकाना कुणा कारकुनानं काल-परवा घुसडलेला नाही. तो दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्यावरून झालेल्या भांडणातूनच सांगली-मिरजेचं मिशन उभं राहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या, १८१० साली स्थापन झालेल्या बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेचे मिशनरी १८१३ पासून मुंबईत काम करत होते. तिथून ते नगरला, पुढे साताऱ्याला आले. बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन यांचं एक पक्कं मत होतं : मिशननं मंडळी उभी करावी आणि बाजूला व्हावं. मंडळी स्वशासित हवी, स्वावलंबी हवी, स्वतःचा प्रसार स्वतः करणारी हवी. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या मोठाल्या शाळा या वाटेतला अडसर आहेत, असं त्यांना वाटे. १८५४-५५ मध्ये ते स्वतः इकडं आले, आणि त्या भेटीनंतर मराठी मिशनच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या.

कोल्हापुरात १८५२ पासून याच बोर्डाचा रॉयल वाइल्डर हा माणूस शाळांवरच भिस्त ठेवून बसला होता. त्याचं आणि अँडरसनचं जमणं शक्य नव्हतं. बोर्डानं हात काढून घेतला. वाइल्डर गप्प बसला नाही. १८६१ मध्ये तो कुठल्याही बोर्डाच्या छत्राशिवाय, ओळखीपाळखीच्या लोकांकडून जमवलेल्या पैशावर कोल्हापूरला परतला, आणि जवळजवळ दहा वर्षं त्यानं ते काम तसंच रेटलं. १८७० मध्ये ते अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मिशन बोर्डाकडं गेलं. पुढे १८८४ मध्ये सांगली, मग मिरज. म्हणजे इथल्या मिशनचं मूळ शोधत गेलं, तर हाती लागतं ते एक नामंजूर झालेलं काम. ज्यांचे अर्ज परत येतात त्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

गंमत अशी की अँडरसन शाळा आवरा म्हणून सांगायला निघाले त्याच १८५४ साली कंपनी सरकारचा वुडचा खलिता आला. खाजगी शाळांना, त्यात मिशनच्या शाळाही आल्या, सरकारी मदत देण्याची पद्धत त्यानं घालून दिली. ‘ग्रँट’ हा शब्द आपल्या तोंडी बसला तो या ‘ग्रँट-इन-एड’मुळं. पैशाबरोबर इन्स्पेक्टर आला, हजेरीपट आला, वर्षाचा अहवाल आला. आजचा दाता ‘मॉनिटरिंग व्हिजिट’ म्हणतो, तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीतल्या मास्तरांना त्यात नवीन काहीच वाटलं नसतं.

आता मागणी कशी व्हायची ते पाहू. प्रत्येक स्टेशनचे, म्हणजे मिशनच्या ठाण्याचे, मिशनरी वर्षाचा अंदाज तयार करत, वार्षिक बैठकीत तो कापला-जोडला जाई, आणि कागद न्यूयॉर्कला, १५६, फिफ्थ अव्हेन्यू या प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या पत्त्यावर जात. तिकडं संडे स्कूलच्या मुलांच्या डब्यांपासून बायकांच्या मंडळांच्या वर्गणीपर्यंत जे काही जमलेलं असे, त्यातून वाटप होई. अमेरिकेत मंदी आली की इकडं घरोघर जाऊन बायबल सांगणाऱ्या बायबल-बाईचा पगार कापला जाई. यात एक गोष्ट मला कायम खटकते. मागणारा हात नेहमी मिशनऱ्याचा होता. देशी पाळक आणि पंच यांना पैसा आला हे कळे, किंवा आला नाही हे कळे. का मागितला, किती मागितला, हिशेब कसा दिला, हे कागद त्यांच्या नजरेखालून फारसे गेलेच नाहीत. आमच्या कमिट्या आजही फॉर्म पाहून बिचकतात त्याचं एक कारण इथं आहे.

मिशनऱ्यांमध्ये मागण्याची कला कुणाकडून शिकावी, तर डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्याकडून. मूळचे कॅनडाचे. १८८९ च्या अखेरीस ते सांगलीला आले, दवाखाना थाटला, आणि थोड्याच वर्षांत मिरजेला हलले. १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उघडलं ते फिलाडेल्फियाचे रेल्वे इंजिनांचे कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून. इमारतीचा पैसा एका श्रीमंताकडून आणला, पण रोजचा खर्च त्यांनी एका श्रीमंतावर टाकला नाही. ऐपत असलेल्या पेशंटकडून फी घ्यायची आणि त्यावर गरिबाचं ऑपरेशन करायचं, हा मिरजेचा रिवाज त्यांनी पाडला. १८९७ मध्ये त्यांनी मेडिकल स्कूल काढलं, म्हणजे माणसंही इथंच तयार होऊ लागली. सांगली-मिरजेच्या मधल्या वॉन्लेसवाडीला त्यांचं नाव आहे ते तिथल्या क्षयाच्या आरोग्यधामामुळं. आजच्या अर्जात ‘प्रकल्प संपल्यावर काम कसं चालू राहील?’ असा प्रश्न असतो आणि आम्ही तिथं ‘लोकसहभागातून’ असा ठोकळा शब्द टाकून मोकळे होतो. वॉन्लेसनी त्याचं उत्तर केसपेपरवर लिहिलं होतं.

वाईचं मिशन हॉस्पिटलही असंच. डॉ. रोझ बील्स यांचं नाव त्या भागात त्या हॉस्पिटलशी जोडलेलं, पण हॉस्पिटलला नाव होतं विलिस पिअर्स यांचं, कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेल्या पैशाचं. जुन्या मिशन कंपाउंडात फिरा, संगमरवरी पाट्या वाचा. वाईचा पाऊस कधी न पाहिलेल्या माणसांची नावं तिथल्या भिंतीवर आहेत. आता पाटीच्या जागी बॅनर आला आणि बॅनरवर लोगो आले, इतकंच.

या सगळ्याला साताऱ्यातून एक जबरदस्त उलट उत्तर मिळालं. ते दिलं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला येऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचा शिष्य इथल्या मातीतला, संन्याशासारखा, कुणाच्या पगारपत्रकावर नसलेला असावा, ही त्यांची धारणा. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले, आणि दरबार त्यांच्यामागं फार टिकला नाही. अँडरसन ‘स्वावलंबी व्हा’ असं बोस्टनच्या ऑफिसातून सांगत होते. टिळकांनी स्वतःचा पगार सोडून ते करून पाहिलं. आमच्या मंडळ्यांमध्ये टिळकांची गाणी आजही दर रविवारी म्हटली जातात, पगाराची गोष्ट मात्र सहसा निघत नाही.

स्वातंत्र्यानंतर पैशाचा रस्ता बदलला. फाळणीच्या निर्वासितांसाठी नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलनं जे मदतकार्य उभं केलं त्यातून पुढं ‘कासा’ ही प्रोटेस्टंट चर्चची मदतसंस्था झाली. कॅथलिक बाजूला १९६२ मध्ये तशीच ‘कारितास इंडिया’ आली. त्याच सुमारास युद्धातून सावरलेल्या जर्मनीत चर्चनं मोठे निधी उभे केले : कॅथलिकांचं ‘मिझेरिओर’ १९५८ मध्ये, प्रोटेस्टंटांचं ‘ब्रोट फ्यूर दी वेल्ट’ १९५९ मध्ये. उपवासकाळातल्या आणि ख्रिसमसआधीच्या दानपेट्यांतला हा पैसा. पण १९६२ पासून जर्मन सरकारनंही चर्चच्या यंत्रणांमार्फत विकासाचा पैसा द्यायला सुरुवात केली. तो करदात्यांचा पैसा. त्यातून उपासनागृह बांधायचं नाही, प्रचार करायचा नाही, मदत घेणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही, ही अट त्याबरोबर आली. अर्जात ‘जात-धर्म न पाहता’ हे वाक्य लिहावं लागतं ते इथल्या कायद्याच्या धाकानं, असं पुष्कळांना वाटतं. देणाऱ्या चर्चनीच ते कितीतरी आधी घालून घेतलं होतं.

या काळातलं सगळ्यात मोलाचं काम कुणाच्या अहवालापेक्षा गावच्या हातपंपावर दिसतं. कठीण खडकात विंधनविहिरी घेतल्या तरी ओतीव लोखंडाचे पंप महिन्या-दोन महिन्यांत मोडत. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशन वर्कशॉपमध्ये पोलादी, दुरुस्तीला सोपा पंप बनवण्याची खटपट चालली होती. सोलापूर पंपाच्याच धर्तीवर १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. माण-खटाव, जत, आटपाडीत ज्या दांड्याला लोंबकळून पोरांनी पाणी उपसलं, त्या दांड्याचं मूळ एका मिशनच्या लोहारशाळेत आहे.

पुढं पैशाबरोबर भाषाही आली. अमेरिकी सरकारच्या मदतखात्यासाठी १९६९ च्या सुमारास बेतलेला ‘लॉगफ्रेम’ हा प्रकल्प आखण्याचा तक्ता जर्मनांनी उचलला आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत तो आमच्या फादर-पाळकांच्या टेबलावर येऊन पडला. उद्दिष्ट, निष्पत्ती, निर्देशक, गृहीतके. ‘पोरं वर्गाला येतात’ एवढं लिहून आता भागेना.

दरम्यान २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि मिशनच्या संस्था डायोसिसकडं, म्हणजे बिशपच्या विभागाकडं, आल्या. मागणारा हात एकदाचा देशी झाला. पण जागेच्या उताऱ्यावरची नावं बदलायला वेळ लागतो. सिटी सर्व्हेला पुष्कळदा जुन्या मिशनचं किंवा ट्रस्ट असोसिएशनचं नाव निघतं, दाता जागेचा मालकीहक्क विचारतो, आणि कमिटी एकमेकांच्या तोंडाकडं बघते. तीच गत धर्मादाय आयुक्तांकडच्या कागदांची. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो मंजूर झाल्याशिवाय शेड्युल एकवर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नवी नावं चढत नाहीत. मी पाहिलेले निम्मे अर्ज दात्यानं नाकारलेच नाहीत, ते चेंज रिपोर्टपाशी गळाले.

परदेशी पैशाचा कायदा, एफसीआरए, आणीबाणीत १९७६ साली झाला. १९८४ पासून नोंदणी सक्तीची झाली, २०१० मध्ये पूर्ण नवा कायदा आला आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं. त्यात कामाचे पाच प्रकार धरले आहेत : सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक, सामाजिक. मंडळीच्या दृष्टीनं भुकेल्या पोराला वरण-भात देणं ही देवाची सेवाच, पण फॉर्म एक खूण मागतो. खरा घाव २०२० च्या दुरुस्तीचा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, परदेशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा होणं बंधनकारक झालं, आणि एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसरीला देणं पूर्ण बंद झालं. ही शेवटची अट छोट्या मंडळीला सगळ्यात जड गेली. तोवर मोठी संस्था पैसा आणायची, हिशेबाचं जू तिच्या मानेवर असायचं, आणि त्यातला लाख-दोन लाखांचा तुकडा एखाद्या खेड्यातल्या शिवणवर्गाला मिळायचा. आता त्या शिवणवर्गाला स्वतःची नोंदणी हवी, आणि त्यासाठी मागच्या तीन वर्षांत किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. शिवणवर्ग एवढं कुठून दाखवणार?

म्हणून आता नजर इकडंतिकडं वळते. डायोसिसचा तुटपुंजा निधी, मुंबई-पुण्याच्या मंडळ्या, २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर आलेला सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा. तिथंही तीन वर्षांचं काम, बारा-ए, ऐंशी-जी ही प्राप्तिकराची प्रमाणपत्रं लागतातच. पूर आला की मात्र पैसा पळत येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा किट वाटायला माणसं कमी पडत होती. पाणी ओसरलं, गाळ काढून झाला, आणि घरं उभी करायची वेळ आली तेव्हा फोन मंदावले.

आणखी एक किरकोळ वाटणारी अडचण. जर्मन दात्याचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपलं एप्रिलमध्ये, आणि टोळ्या येतात दिवाळीच्या आगेमागे. मंजुरीचं पत्र हाती येईतो कारखान्याचा भोंगा बंद झालेला असतो आणि पोरं बैलगाडीतून, ट्रॅक्टरातून बीडच्या वाटेला लागलेली असतात.

तर, त्या संध्याकाळी रकाना रिकामाच होता. महिला संघाच्या एक बाई म्हणाल्या, “हार्वेस्टचा लिलाव धरा की.” आमच्याकडं कापणीच्या सणाला घरचं काहीबाही आणून वेदीपाशी ठेवतात : जोंधळ्याची कणसं, भोपळा, नारळ, कोंबडी. उपासनेनंतर लिलाव होतो. गेल्या वेळी एक भोपळा चारदा विकला गेला. घेणारा पैसे मोजायचा आणि भोपळा परत टेबलावर ठेवायचा. शेवटी तो पाळकसाहेबांच्या घरी गेला आणि पुढचे दोन दिवस त्यांनी घारगे खाल्ले.

“रक्कम बरी होती,” खजिनदार म्हणाले, “पण पावती कुणाच्या नावानं फाडायची? भोपळा एक, घेणारे चार.”

“चार पावत्या फाडा,” बाई म्हणाल्या. पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि खजिनदार पावतीपुस्तक शोधायला कपाटाकडं गेले.